बंदरावरचा नकाशा, दुरुस्तीसह

पहिला नकाशा मी ऑफिसात काढला,
खिडकी लावून घेऊन,
वाऱ्याने कागद उडू नये म्हणून.
तेव्हाच कळायला हवं होतं.

चकचकीत कठडा. रंगीत कारंजं.
बारा बाकं, बाराही रस्त्याकडे तोंड करून,
कारण नमुना जिथून उचलला
तिथे समुद्र नव्हता.
आणि जिथे नुसती वाळू होती तिथे पिवळा पट्टा :
मोकळी जागा.

मुख्याधिकारी म्हणाल्या, लोकांना दाखवून या.
पंधरा दिवस. हरकती, सूचना, सह्या.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर सकाळी साडेसातला
उपड्या घातलेल्या होडीच्या तळावर कागद पसरला.
तारामती गिरप यांनी चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवले,
पाचवा मधोमध, पिवळ्या पट्ट्यावर.
"ही जागा मोकळी?
मगे माझे तारले खंय सुकतले?
तुज्या डोक्यार?"
मी लिहून घेतलं :
हरकत क्रमांक एक. मासळी वाळवण्याची जागा.

लॉजवाले सामंत म्हणाले, वासाने पर्यटक नाकाला रुमाल लावतील.
"लावूंदेत," तारामती म्हणाल्या, "रुमालय आमीच इकू."

मग धाकू केळुसकर.
पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले
आणि रापण ओढताना चालतात तसे
समुद्राकडे तोंड करून मागे मागे येत राहिले,
हातात दोरी नाही, तरी कंबर कललेली.
माझा कठडा ओलांडला,
माझ्या कारंज्यातून कोरडेच गेले,
सातव्या बाकाच्या जागी थांबले.
"त्रेसष्ट पावलां. येक जरी कमी केलंस
तर जाळां पाण्यातच रवतलां."
मी टेप लावली. पंचेचाळीस मीटर आणि थोडं.
ते थोडं कुठल्याच स्केलवर बसेना.

पोरांना उडी मारायला धक्का मोकळा हवा होता.
मी सुरक्षेचं सांगू लागलो,
तर त्यातला एक ओल्या केसांचा म्हणाला,
"काका, कठडो घाला.
आमी कठड्यार चढान मारतलंव. आणखी उंच."

रुझारिन फर्नांडिस सगळा वेळ गप्प होती.
लोक पांगल्यावर तिने पेन्सिल मागितली,
कोपऱ्यात एक चौकोन काढला,
चौकोनाला दार, दाराला आतून कडी.
म्हणाली, लिलावाला चारला येतो आम्ही पहाटे.
घरी जाईस्तो दुपार.
एवढंच.
वीस वर्षं नकाशे काढतोय.
सार्वजनिक सोयी असं लिहून
पुढे गेलो होतो दर वेळी.

सभेपुढे गेला तो सहावा नकाशा.
त्यावर कुणाचं तरी एक खवलं चिकटलेलं,
ते खरवडलं तर खालची रेघ गेली असती.
सगळं मंजूर झालं नाही.
कारंजं राहिलं; त्याचं टेंडर आधीच निघालं होतं.
रापणीची वाट मिळाली, पण चाळिसाव्या पावलावर
कंत्राटदाराने दिव्याचा खांब रोवला.
आता धाकू तिथे आले की न बघता डावीकडे सरकतात.
चौकोन बांधला गेला. कडी बाहेरून लावली.
रुझारिनने स्वतःच्या पैशाने सुतार आणला.

बाकं रस्त्याकडेच तोंड करून होती
नारळी पुनवेपर्यंत.
त्या रात्री कुणीतरी नट सोडवले,
सकाळी बाराही बाकं समुद्राकडे.
चौकशीला मला पाठवलं.
पंचनाम्यात लिहिलं : उधाणाने फिरली असावीत.
सही करताना बसलो होतो तिथेच, नवव्या बाकावर,
आणि काम संपल्यावरही बराच वेळ.

कारंज्याचा पंप खाऱ्या हवेने दोन महिन्यांत खाल्ला.
दुरुस्तीचा प्रस्ताव माझ्याकडे आला,
पाहणीला गेलो.
सिमेंटचं गोल कुंड, स्वच्छ, कोरडं,
दिवसभर ऊन, कुत्र्यांना चढता येत नाही.
आत तारले पसरलेले, एकेक, शेपटीला शेपूट,
काठावर तारामती, हातात लांब काठी,
कावळ्यांसाठी. कदाचित माझ्यासाठीही.

प्रस्ताव फायलीत खाली सरकवला.
जुनी वही काढली.
हरकत क्रमांक एक,
तिच्यासमोर तारीख घातली,
लिहिलं : निकाली.